विश्लेषण : डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीचे वडील चार्ल्स द गॉल... त्यांच्या घराकडून आजच्या आईबाबांनी काय घ्यावे?

फ्रान्सच्या ब्रिटनी भागातील बेनोदे येथील समुद्रकिनाऱ्यावर १९३३ मध्ये काढलेला एक फोटो समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरताना दिसतो. वाळूवर खुर्ची टाकून सुटाबुटातील एक उंच माणूस बसला आहे. मांडीवर पाच वर्षांची मुलगी आहे आणि त्याचे सगळे लक्ष तिच्याकडे आहे. तो माणूस म्हणजे पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झालेले चार्ल्स द गॉल. मुलगी म्हणजे त्यांचे धाकटे अपत्य, अ‍ॅन. अ‍ॅनला डाऊन सिंड्रोम होता. ज्या काळात अशा मुलांना घराबाहेर ठेवण्याचा रिवाज होता, त्या काळात ती शेवटपर्यंत घरात वाढली. बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याचे नुकतेच कळलेल्या आईबाबांना या घराच्या गोष्टीतून बरेच काही घेता येते. काही गोष्टी मात्र घेऊ नयेत अशाही आहेत.

चार्ल्स द गॉल कोण होते?

द गॉल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९० रोजी उत्तर फ्रान्समधील लील शहरात झाला. ते सैन्यात अधिकारी झाले. पहिल्या महायुद्धात मार्च १९१६ मध्ये व्हर्दनच्या लढाईत जर्मनांच्या हाती सापडले. कैदेतून पळण्याचे त्यांचे पाचही प्रयत्न फसले. युद्धानंतर, एप्रिल १९२१ मध्ये, कॅले येथील यव्हॉन व्हॉन्द्रू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी मुलगा फिलिप आणि १९२४ मध्ये मुलगी एलिझाबेथ यांचा जन्म झाला.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर लंडनहून लढा चालू ठेवणारे नेते आणि १९५९ ते १९६९ या काळात फ्रान्सचे अध्यक्ष म्हणून जग त्यांना ओळखते. स्वभावाने ते करडे होते. सहकाऱ्यांना त्यांच्याशी मोकळे बोलणे अवघड जाई. मोठ्या दोन मुलांवरही त्यांचा धाक होता.

अ‍ॅनचा जन्म झाला तेव्हा परिस्थिती काय होती?

१९२७ च्या अखेरीस द गॉल यांच्याकडे जर्मनीतील ट्रिअर येथे असलेल्या फ्रेंच बटालियनची सूत्रे आली. अ‍ॅन तिथेच, १ जानेवारी १९२८ रोजी जन्मली. वडील ३७ वर्षांचे, आई २७ वर्षांची. घर मेजर हुद्द्याच्या अधिकाऱ्याचे, म्हणजे फार पैसा नसलेले. मुलीचे वेगळेपण घरच्यांच्या ध्यानात आले. तिच्या स्थितीला तेव्हा ‘मंगोलिझम’ म्हणत. हे नाव आता कोणी वापरत नाही आणि वापरूही नये.

या सुमारास यव्हॉन यांनी एका मैत्रिणीला पत्र लिहिले होते. मुलीची तब्येत थोडी जरी सुधारणार असेल, तरी पद, पैसा, महत्त्वाकांक्षा सगळे सोडायची आपली तयारी आहे, असा त्याचा आशय होता. ज्या आईबाबांनी पहिल्या महिन्यात एकामागून एक डॉक्टर गाठले आहेत, त्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल.

तेव्हाच्या डॉक्टरांना काय माहीत होते?

फारच कमी. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या मुलांमधील सारखी लक्षणे नोंदवली होती. आजचे नाव त्यांच्यावरूनच आले. कारण मात्र कोणाला माहीत नव्हते. आईवडिलांचा क्षयरोग, गुप्तरोग, दारू असे तर्क वैद्यकीय जगात अनेक वर्षे चालू होते. म्हणजे बाळ जन्मताच आईवडिलांवर संशय येई. आपल्याकडे हाच दोष गरोदरपणात ग्रहण न पाळण्यावर, सुनेच्या पायगुणावर किंवा तिच्या माहेरावर टाकला जातो.

उपचारही नव्हते. हृदयातील जन्मजात दोषावर शस्त्रक्रिया होत नव्हती आणि न्यूमोनियासाठी प्रतिजैविके बाजारात आली नव्हती. अशी बरीच मुले लहानपणीच दगावत. जी जगत, त्यांना सुखवस्तू घरांतही एखाद्या संस्थेत ठेवून त्यांच्याविषयी बोलणे टाळत.

ज्या जर्मनीत अ‍ॅन जन्मली, तिथे १९३३ मध्ये नाझी सरकारने काही प्रकारच्या दिव्यांगांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. १९३९ ते १९४१ या काळात तिथे ७० हजारांहून अधिक दिव्यांग आणि मनोरुग्णांना सरकारी योजनेखाली ठार मारण्यात आले. अ‍ॅनचे बालपण हे अशा काळातले होते.

द गॉल दाम्पत्याने काय ठरवले?

मुलगी आपल्याजवळ राहील, हा निर्णय दोघांनी घेतला आणि पुढचे सगळे निर्णय त्याला धरून झाले. १९२९ मध्ये द गॉल यांची बदली बैरूतला झाली. पावणेदोन वर्षांची अ‍ॅन बोटीने सोबत गेली. १९३१ मध्ये कुटुंब पॅरिसला परतले. १९३४ मध्ये त्यांनी पॅरिसपासून सुमारे २५० किलोमीटरवर, कोलोंबे या लहानशा खेड्यात घर घेतले. त्यामागे अ‍ॅनचाही विचार होता. मोकळी हवा, मोठी बाग आणि परक्या नजरांपासून दूर असलेली जागा त्यांना तिच्यासाठी हवी होती.

अ‍ॅनची अवस्था सोपी नव्हती. तिला नीट चालता येत नसे. बोलणे जेमतेम काही शब्दांचे होते. त्यांतला ‘पापा’ हा शब्द ती स्पष्ट म्हणे, असे घरच्यांनी सांगितले आहे. जेवतानाही तिला मदत लागे.

वडील म्हणून द गॉल नेमके काय करत?

त्यांच्या चरित्रांमध्ये आणि घरच्यांच्या आठवणींमध्ये याचे तपशील पुन्हा पुन्हा येतात. कामावरून आले की ते अ‍ॅनकडे जात. तिला मांडीवर घेऊन गाणी म्हणत, टाळ्या वाजवत, गोष्टी सांगत. त्यांची लष्करी टोपी हे तिचे आवडते खेळणे होते. तिचा हात धरून ते बागेत फेऱ्या मारत. चारचौघांत कधी न दिसणारा हा माणूस तिच्यासमोर नाचतही असे. मोठी मुले हे पाहत आणि त्यांनाही नवल वाटे.

मे १९४० मध्ये द गॉल रणगाडा तुकडीचे नेतृत्व करत होते. त्या धामधुमीत ते तुकडीच्या धर्मगुरूंशी अ‍ॅनबद्दल बोलले होते. असे मूल ही बापाची मोठी परीक्षा असते, हे त्यांनी लपवले नाही. मात्र ही मुलगी आपला आनंद आहे आणि यशापयशाकडे थोडे वरून पाहायला तिनेच शिकवले, असेही त्यांनी सांगितले होते. दुःख आणि लळा दोन्ही त्यांच्या मनात एकाच वेळी होते. बाळ झाल्यावर रडू आले म्हणून स्वतःला वाईट आई किंवा वाईट बाप समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग रोजची काळजी कोण घेत होते?

द गॉल यांच्या गोष्टीत हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. अ‍ॅनला भरवणे, न्हाऊ घालणे, आजारपणात रात्र जागवणे हे काम यव्हॉन आणि घरात राहून अ‍ॅनला सांभाळणाऱ्या एका बाईंचे होते. वडिलांच्या वाट्याला दिवसाचा थोडा वेळ येई. तो वेळ ते मनापासून देत, पण उरलेला दिवस यव्हॉन यांचा होता. नवऱ्याच्या बदल्या, युद्ध, दोन मोठी मुले आणि अ‍ॅन हे सगळे सांभाळताना त्यांना मदतनीस होती, हे विसरून चालणार नाही.

आजच्या घरातही फोटो बाबांसोबतचा असतो आणि फिजिओथेरपीची रांग आईच्या वाट्याला येते. त्यामुळे कोणत्या दिवशी बाळाला कोण नेणार, रात्री कोण उठणार आणि आईला आठवड्यातून काही तास सुट्टी कशी मिळणार, हे घरात बसून ठरवणे ही पहिल्या महिन्यातलीच गरज आहे. आजी-आजोबा, आत्या, मावशी यांना नुसती माहिती देऊन थांबू नये, त्यांना एखादे ठरावीक काम द्यावे.

युद्धात अ‍ॅनचे काय झाले?

१७ जून १९४० रोजी द गॉल विमानाने लंडनला गेले आणि १८ जूनला त्यांनी बीबीसीवरून लढा चालू ठेवण्याचे आवाहन केले. त्या वेळी कुटुंब ब्रिटनीत होते आणि जर्मन फौजा जवळ येत होत्या. त्यांना आणण्यासाठी ब्रिटनने पाठवलेले छोटे विमान ब्रिटनीतच कोसळले आणि त्यातील चौघेही ठार झाले. हे यव्हॉन यांना माहीत नव्हते. त्यांनी १८ वर्षांचा फिलिप, १६ वर्षांची एलिझाबेथ, १२ वर्षांची अ‍ॅन आणि सांभाळणाऱ्या बाईंना घेऊन ब्रेस्ट बंदर गाठले आणि मिळालेल्या जहाजाने इंग्लंडचा किनारा गाठला.

पुढची वर्षे इंग्लंडमध्ये घरे बदलण्यात गेली. बॉम्बहल्ल्यांच्या आवाजाने अ‍ॅन घाबरे, म्हणून कुटुंब लंडनपासून दूर राहायला गेले. १९४३ मध्ये द गॉल यांचे केंद्र अल्जिअर्सला हलले, तेव्हा अ‍ॅनही तिथे गेली.

‘आमच्यानंतर हिचे काय?’ याचे उत्तर त्यांनी कसे शोधले?

मोठ्या भावंडांचे संसार होतील, आपण थकू, मग अ‍ॅनकडे कोण पाहील, ही काळजी दोघांनाही होती. दुसरी जाणीव अशी की, आपल्याला निदान घर आणि मदतनीस परवडते, गरीब घरातल्या अशा मुलींचे काय? यातून १९४५ मध्ये अ‍ॅनच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन झाले. पॅरिसजवळ शेव्रूझच्या खोऱ्यात, मिलाँ-ला-शापेल येथे एक मोठा वाडा घेऊन तिथे बौद्धिक अक्षमता असलेल्या, बेताच्या परिस्थितीतील मुलींची सोय करण्यात आली.

यव्हॉन यांनी त्यात जातीने लक्ष घातले. प्रतिष्ठानचा हिशेब सांभाळण्याचे काम पुढे जॉर्ज पाँपिदू यांच्याकडे आले. हेच पाँपिदू द गॉल यांच्यानंतर फ्रान्सचे अध्यक्ष झाले. द गॉल यांनी आपल्या युद्धस्मृतींच्या पुस्तकांचे मानधन प्रतिष्ठानला दिले. ही संस्था आजही काम करते.

ज्या माणसाने मुलीला संस्थेत ठेवले नाही, त्यानेच संस्था का काढली? कारण त्यांचा विरोध मुलीला टाकून देण्याला होता, मदत घेण्याला नव्हता.

अ‍ॅनचा शेवट कसा झाला?

१९४८ च्या हिवाळ्यात अ‍ॅनला न्यूमोनिया झाला. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी कोलोंबेच्या घरी तिचे निधन झाले. नुकतीच तिने विशी गाठली होती. त्या काळाच्या मानाने हे आयुष्य मोठे होते.

दफन झाल्यावर द गॉल यव्हॉन यांचा हात धरून कबरीपासून निघाले. आता ती इतरांसारखी झाली, अशा अर्थाचे काही ते तेव्हा बोलल्याचे त्यांच्या चरित्रांमध्ये नोंदवले आहे. हा प्रसंग हळवा म्हणून खूप पुढे पाठवला जातो. पण त्यातला सल अवघड आहे. वीस वर्षे इतके प्रेम करूनही आपली मुलगी जिवंतपणी इतरांसारखी मानली गेली नाही, ही खंत त्या बापाच्या मनात शेवटपर्यंत होती.

द गॉल अ‍ॅनचा फोटो कायम जवळ बाळगत. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. त्यातून ते आणि यव्हॉन थोडक्यात वाचले. या फोटोच्या चौकटीने एक गोळी अडवली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

डाऊन सिंड्रोमचे कारण कधी सापडले?

अ‍ॅनच्या निधनानंतर ११ वर्षांनी, पॅरिसमध्येच. रेमंड तुर्पँ यांच्या विभागात काम करणारे जेरोम लेज्यून आणि मार्थ गोतिये यांच्यासह तिघांच्या नावाने जानेवारी १९५९ मध्ये शोध प्रसिद्ध झाला. पेशीत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे त्यात दाखवले होते. पेशी वाढवण्याचे तंत्र गोतिये यांनी उभे केले होते, पण त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना अनेक दशके मिळाले नाही. योगायोग असा की, द गॉल यांनी अध्यक्षपदाची सूत्रे घेतली ती त्याच महिन्यात, ८ जानेवारीला.

बहुतेक वेळा ही जास्तीची प्रत बीजांड किंवा शुक्राणू तयार होतानाच्या विभाजनात राहून जाते. आईने काय खाल्ले, काय पाहिले, कोणते काम केले, याचा त्याच्याशी संबंध नाही. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते, पण तरुण आईच्या पोटीही अशी बाळे जन्मतात. द गॉल दाम्पत्याला अ‍ॅनच्या हयातीत जे कळले नाही, ते आज साध्या रक्तचाचणीत कळते.

आज बाळाच्या आईबाबांनी आधी काय करावे?

१. गुणसूत्रांची तपासणी : निदान पक्के करण्यासाठी बाळाच्या रक्तातून कॅरिओटाइप चाचणी होते. काही थोड्या बाळांमध्ये जास्तीचे गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेले असते. तसे असेल तर पुढच्या गरोदरपणाआधी आईबाबांचीही तपासणी करतात. त्यामुळे हा अहवाल जपून ठेवावा.

२. हृदयाचा इको : यातील जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. बाळ वरून छान दिसले तरी इको करून घ्यावा. अनेक दोष वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात, उशीर झाला तर फुप्फुसांवर ताण येतो.

३. थायरॉईड, कान, डोळे : थायरॉईडची तपासणी जन्मानंतर, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी करावी. ऐकू कमी येत असेल तर बोलणे लांबते आणि दोष बुद्धीवर टाकला जातो. म्हणून कान आणि डोळेही वेळच्या वेळी तपासावेत.

४. अंगावरचे दूध : स्नायू सैल असल्याने बाळ ओढायला कमी पडते, लवकर दमते. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पाजावे. जमत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने देता येते. वजनावर लक्ष ठेवावे. लसी ठरलेल्या वेळीच द्याव्यात.

५. थेरपी पहिल्या महिन्यांपासून : फिजिओथेरपी, पुढे वाचा आणि ऑक्युपेशनल थेरपी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारली आहेत. आपल्या केंद्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करता येते.

६. औषधांच्या जाहिराती टाळाव्यात : जास्तीचे गुणसूत्र काढणारे कोणतेही औषध, काढा किंवा इंजेक्शन नाही. तो पैसा इको आणि थेरपीसाठी ठेवावा.

७. कागदपत्रे : दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आणि मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्व. पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावा लागतो. ‘आमच्यानंतर काय’ या प्रश्नाची सुरुवात इथून होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयात जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

द गॉल यांच्या घराकडून काय घेऊ नये?

दोन गोष्टी. एक म्हणजे आडोसा. त्या काळात लोकांच्या नजरा क्रूर होत्या, म्हणून त्यांनी उंच झाडांमागचे घर निवडले. आज मूल अंगणवाडीत, बागेत, लग्नकार्यात दिसले पाहिजे. बारशाला शेजारी आले तर बाळाला आतल्या खोलीत ठेवायचे कारण नाही.

दुसरी म्हणजे अपेक्षा. अ‍ॅनचे आयुष्य पाहून आपले बाळही तसेच होईल, असे समजू नये. तिला हृदयाची तपासणी, थेरपी, शाळा यांपैकी काहीच मिळाले नव्हते. आज डाऊन सिंड्रोम असलेली बहुतेक मुले थोडी उशिरा का होईना, चालतात, बोलतात, शाळेत जातात. काही जण मोठेपणी नोकरी करतात. चांगले उपचार मिळणाऱ्या देशांत सरासरी आयुर्मान ६० वर्षांच्या आसपास आहे. प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो, म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करू नये, तशीच ती अ‍ॅनशीही करू नये.

शेवटी द गॉल यांची इच्छा काय होती?

१९५२ मध्ये त्यांनी आपल्या अंत्यविधीबाबत लिहून ठेवले होते. सरकारी इतमाम नको, मंत्री नकोत, भाषणे नकोत. जिथे अ‍ॅन आहे आणि पुढे कधीतरी यव्हॉन असेल, तिथेच कोलोंबेच्या गावच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे, असे त्यांनी सांगितले होते. ९ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. १२ नोव्हेंबरला जगभरातील राष्ट्रप्रमुख पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये जमले, पण तिथे शवपेटी नव्हती. त्याच दिवशी गावकऱ्यांच्या सोबतीने त्यांना कोलोंबेत अ‍ॅनशेजारी पुरण्यात आले. १९७९ मध्ये यव्हॉनही तिथेच विसावल्या. त्या साध्या, पांढऱ्या कबरीवर तिघांची नावे आहेत.